पगाराचा वाद कंपनी आणि कामगारांचा, मग मध्ये सरकार कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात नऊ वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो, तेव्हा उत्तर थोडं एका बाजूला कललेलं वाटलं तर समजून घ्या.

दोघांनी आपसांत बोलावं हे खरंच, पण समोर कुणी बसायला तर हवं! आम्ही मागणीपत्र एचआरच्या टेबलावर ठेवलं आणि सात महिने "बघू, सध्या ऑर्डर कमी आहेत" एवढंच ऐकत राहिलो. शेवटी वाद लेबर ऑफिसला नेला. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी नाही. दुसऱ्या तारखेला एक पोरगा मुदतवाढीचा अर्ज घेऊन आला आणि वर म्हणाला, "मागणीपत्र मिळालंच नाही." तिसऱ्या वेळी लेबर ऑफिसच्या साहेबांनी कडक नोटीस काढली, तेव्हा मॅनेजर स्वतः फाइल काखेत मारून हजर. वादात समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस हजर करायचा अधिकार कायद्यानेच असतो, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

मग त्यांना बाहेर बसवून आमच्याशी बोलणं, आम्हाला बाहेर काढून त्यांच्याशी. आम्ही साडेतीन हजारांच्या वाढीवर अडलेलो, कंपनी नऊशेवर. दुपारी साहेबांनी चहा मागवला आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, किती वर थांबाल?" हेच मॅनेजरने विचारलं असतं तर आम्ही मेलो तरी सांगितलं नसतं. साहेब निकाल देत नाहीत, आकडा लादूही शकत नाहीत. दोन्हीकडचा खरा आकडा ठाऊक असलेला खोलीतला तो एकटा माणूस, एवढीच त्यांची ताकद. अठराशे पन्नासला करार झाला.

त्यांच्यासमोर सही झाली म्हणून आणखी एक गोष्ट पदरात पडली. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता (२०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली). त्याप्रमाणे आपसांत केलेला करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना बांधायचा. समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर झालेला करार मात्र युनियनमध्ये नसलेल्यांना आणि नंतर भरती होणाऱ्यांनाही लागू व्हायचा. आमच्याकडे वर्गणी न देणाऱ्यांनाही वाढ मिळाली. त्यावरून कमिटीत भांडणं झाली, ती वेगळीच कथा.

आता उलटी बाजू. टेबलावर कुणी बसायचं हे सरकारच्या कायद्यावर ठरतं आणि तिथे चुकलं की सगळंच बिघडतं. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. ते कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बोलणी करायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्याच, मान्यता असलेल्या युनियनचा. मालक म्हणाले, आम्ही संघाशीच बोलणार. सरकारनेही तोच कायदा धरून ठेवला. ज्यांच्याशी बोलणं चाले त्यांचं कामगार ऐकेनात आणि ज्यांचं ऐकत त्यांच्याशी बोलायला कुणी तयार नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. गिरण्या आधीच आजारी होत्या, मालकांचा डोळा जमिनीवर होता, हे सगळं मान्य. तरी त्या कायद्यातलं, बोलणी कुणाशी करायची हे ठरवणारं कलम वेळेत बदललं असतं तर निदान बोलणी तरी झाली असती, असं माझं मत आहे.

माथाडींच्या बाबतीत सरकारला हे जमलं. हमाल दिवसात दहा गाळ्यांवर माल उतरवतो, त्याचा मालक कोण? माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा आला आणि माथाडी मंडळं झाली. त्यांत व्यापारी, कामगार आणि सरकार तिघेही. व्यापाऱ्याने मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर द्यायची जादा रक्कम) मंडळात भरायची, हमालाला पैसे मंडळाकडून. आज खोटे माथाडी एमआयडीसीत खंडणी मागतात ही तक्रारही खरी आहे, पण त्यासाठी मंडळच नको म्हणणं मला पटत नाही.

तुमच्याच कंपनीचं काही चाललं असेल तर मागणीपत्र पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आमची एक अख्खी तारीख त्या पावतीवाचून गेली.