वाचकांचे प्रश्न: उडालेली झोप, न थांबणारं रडू आणि गोळ्यांची भीती

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत जवळचं माणूस किंवा हातची नोकरी गेल्यानंतरचे महिने आहेत, आणि त्या काळात बिघडलेली झोप. ‘लोक म्हणतात खंबीर राहा’ हे वाक्यही जवळपास प्रत्येक पत्रात आहे. खंबीर राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मात्र सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून उत्तरं शक्यतो हाताने करता येतील अशा गोष्टींत दिली आहेत.

प्रश्न: आई जाऊन सात आठवडे झाले. कामावर कोणाच्या तरी विनोदावर मी खळखळून हसते आणि तासाभरात स्वच्छतागृहात जाऊन रडते. हसले म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच. शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं वाचलं आहे. मी कितव्या पायरीवर आहे?

कुठल्याच नाही, आणि तशी पायरी शोधूही नका. पाच अवस्थांची कल्पना मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडली, तीही स्वतःचा मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर लागू केली गेली. शोक असा क्रमाने पुढे सरकत नाही. ‘मला अजून राग कसा आला नाही’ असा घोर मात्र त्या यादीमुळे अनेकांना लागतो.

तुमच्या अनुभवाला अधिक जवळचं वर्णन मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये केलं. शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, ओढ. दुसऱ्या बाजूला कामं, बिलं, नवी जबाबदारी आणि अधूनमधून हसणंसुद्धा. ही ये-जा चालू असणं चांगलं. एकाच बाजूला अडकलं की त्रास वाढतो. कोणी महिनोन्महिने आठवणींतच बसून राहतं, कोणी कामात इतकं बुडवून घेतं की आईचं नावही काढत नाही. तुमच्या दोन्ही बाजू चालू आहेत, म्हणजे हसणं हा त्याच प्रक्रियेचा भाग आहे.

कामावर रडू आवरत नसेल तर दिवसातली वीस मिनिटं आईसाठी राखा. शक्यतो संध्याकाळी, झोपेच्या अगदी तोंडावर नको. फोटो पाहा, तिला पत्र लिहा किंवा नुसत्या बसा. वेळ संपली की उठून अंगमेहनतीचं काहीतरी करा: भांडी, चालणं, कपड्यांच्या घड्या. दिवसा हुंदका आला तर तो दाबायचा नाही, पण ‘बाकीचं संध्याकाळी’ असं मनाला सांगता येतं. पहिले काही दिवस हे खोटं वाटतं, नंतर बऱ्याच जणांना जमतं.

आईच्या वस्तूंची घाई करू नका. तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवायचं नाही. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला तरी चालेल. तो बांधून नजरेआड ठेवा. घर विकणं, नोकरी सोडणं असे मोठे निर्णय शक्य असेल तर काही महिने लांबवा. वाढदिवस, आजाराचं निदान झालेली तारीख, वर्षाचा दिवस हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी कोणाबरोबर असायचं तेही ठरवा. असे दिवस अचानक अंगावर आले की जास्त लागतात.

काळजी कधी करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणानुसार तीव्र ओढ किंवा गेलेल्या माणसाचाच ध्यास सहा महिन्यांहून अधिक टिकला, रोजचे व्यवहार ठप्प झाले आणि हे त्या समाजातल्या नेहमीच्या शोकापेक्षा स्पष्टपणे जास्त असलं, तर तो ‘लांबलेला शोक’ हा विकार मानला जातो. अमेरिकेतल्या निकषांत प्रौढांसाठी ही मुदत एक वर्ष आहे. त्यासाठी वेगळी समुपदेशन पद्धत आहे. सात आठवडे हा त्या हिशेबाने फारच लहान काळ आहे. पण आत्ताच मरणाचे विचार येत असतील, तर मुदतीची वाट पाहायची नाही.

प्रश्न: रात्री तीनला जाग येते आणि ऑफिसच्या कामांची यादी डोक्यात सुरू होते. मग पाचपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपून भरपाई करतो, तरी सोमवारी तेच.

ती भरपाईच सोमवार बिघडवते आहे. जागेपणी झोपेची गरज साठत जाते. दहाला उठलात तर रात्री अकरापर्यंत ती पुरेशी साठत नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे उठण्याची एकच वेळ, सातही दिवस, झोप कशीही झालेली असो. झोपायची वेळ त्यामानाने कमी महत्त्वाची.

दुसरी गोष्ट १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी सांगितलेल्या पद्धतीतली. अंथरूण फक्त झोपेसाठी (आणि शरीरसंबंधासाठी). जागं होऊन अंदाजे वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे मिटायला लागले की परत या. मिनिटं घड्याळात मोजायची नाहीत. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, मोबाइल खोलीबाहेर. ‘आता तीनच तास उरले’ हा हिशेबच जाग पक्की करतो. लोक इथेच चुकतात: अंथरुणात पडून राहिलं तर निदान विश्रांती मिळते असं वाटतं. प्रत्यक्षात अंथरूण आणि काळजी यांची जोडी रोज घट्ट होत जाते.

यादीसाठी वेगळी वेळ ठेवा. संध्याकाळी, झोपेच्या तीन-चार तास आधी, पंधरा मिनिटं कागद घेऊन बसा. डावीकडे काळजी, उजवीकडे तिचं पुढचं सर्वांत छोटं पाऊल. ‘अहवाल अपुरा’ यासमोर ‘सकाळी दहाला आकडे मागवणे’. जिथे पाऊलच नाही तिथे ‘आत्ता काही करता येत नाही’ असं स्पष्ट लिहा. जागा कोरी सोडली की मन तिथे पुन्हा येतं. रात्री तीनला नवं काही सुचलं तर एका शब्दात टिपून उद्याच्या पंधरा मिनिटांवर ढकला.

कॉफीतलं कॅफिन निम्मं होण्यासाठी सरासरी पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. म्हणून दुपारनंतर बंद. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. तीनला जाग येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पहिला आठवडा-दीड आठवडा दिवसा जास्त पेंगुळलेलं वाटेल आणि ‘हे उलटंच झालं’ म्हणून सोडावंसं वाटेल. तेवढा काळ काढा, मात्र त्या दिवसांत लांब गाडी चालवू नका. कोणाला फिट येत असतील किंवा मनःस्थितीचे उंच-खोल चढउतार होणारा आजार असेल, तर झोपेची वेळ कमी करणारे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मोठ्याने घोरणं आणि श्वास अडकून जाग येणं असेल तर हा प्रश्न ताणाचा नसून श्वासमार्गाचा असू शकतो. तपासणी करून घ्या.

प्रश्न: ताण आला की दीर्घ श्वास घ्या म्हणतात. मला त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

तुम्ही जास्त हवा घेत आहात. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वसन करत असतो. त्यावर मोठमोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि मुंग्या, चक्कर सुरू होते. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने चार अंक मोजत साधाच श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. छातीवरचा हात स्थिर राहून पोटावरचा हलला पाहिजे. पाच मिनिटं, आणि सराव शांत वेळी. ऐन घबराटीत पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही.

प्रश्न: नोकरी गेल्यापासून धाकटा भाऊ खोलीतच असतो. आंघोळ, जेवण, सगळ्याचा कंटाळा. ‘माझा काही उपयोग नाही’ म्हणतो. वडील म्हणतात आळस आहे. थेट काही विचारलं तर नको ते विचार डोक्यात यायचे, अशी भीती वाटते.

भीती समजते, पण ती चुकीची आहे. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. दोघंच असताना, आडवळण न घेता विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहेस का?’ उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका. औषधांचा साठा, कीटकनाशक अशा गोष्टी हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालय किंवा आपल्या भागातल्या मदत क्रमांकाशी संपर्क साधा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन त्याला द्यायचं नाही.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी किंवा कशातच रस नसणं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं आणि स्वतःला कमी लेखणं, हे नैराश्याचं चित्र आहे. नुसत्या दुःखात माणसाला गेलेल्या गोष्टीचं वाईट वाटतं, नैराश्यात स्वतःचंच. ही रेघ काटेकोर नाही, पण भावाचं वाक्य पलीकडचं आहे. डॉक्टर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतात. एकूण गुण २७. दहा किंवा अधिक आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कमी असली तरी त्यावर लगेच बोलायला हवं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेणंही योग्य, कारण त्यांच्या कमतरतेत असाच थकवा येतो.

तोवर घरी ‘बाहेर पड जरा’ म्हणू नका. नैराश्यात उत्साह आधी येत नाही. कृती आधी, उत्साह उशिरा. म्हणून कृती हास्यास्पद वाटेल इतकी छोटी ठेवा: अकरा वाजता आंघोळ, पाचला दहा मिनिटं तुमच्याबरोबर चालणं. वेळ ठरलेली, सोबत ठरलेली. झालं की त्याला त्यातलं समाधान शून्य ते दहामध्ये लिहू द्या. दोनच आले तरी चालेल. त्याचा अंदाज बहुधा शून्याचा असतो. आणि वडिलांना आळसाचं एक लक्षण सांगा: आळशी माणूस आवडीच्या गोष्टी टाळत नाही.

प्रश्न: डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांत फक्त मळमळ आणि अस्वस्थता आहे. सवय लागण्याआधी बंद करू का?

परस्पर बंद करू नका. या गोळ्यांचे त्रास पहिल्या आठवड्यात आणि फायदा साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, म्हणून बरेच जण नेमक्या दहाव्या दिवसाच्या आसपास गोळ्या सोडून देतात. मळमळ बहुतेकांची कमी होते. मात्र बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, विशेषतः वय पंचविशीच्या आत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. मग मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. तरी यांची दारूसारखी तलफ लागत नाही. तुम्ही म्हणता ती सवय झोपेसाठी किंवा घबराटीसाठी देतात त्या डायझेपाम, अल्प्राझोलाम वर्गातल्या गोळ्यांची लागते. त्या शक्यतो दोन ते चार आठवड्यांपलीकडे रोज घ्यायच्या नसतात, आणि बराच काळ घेतल्या असतील तर त्याही एका दिवसात बंद करायच्या नसतात. चिठ्ठीवर कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे पुढच्या भेटीत विचारून गोळीच्या नावासमोर लिहून घ्या.