'ओपन ॲक्सेस' लेखाचा मराठी अनुवाद छापायला परवानगी का लागते?

संशोधन-लेखावर 'ओपन ॲक्सेस', म्हणजे 'सर्वांना खुला', असं ठळक छापलंय, तरी अनुवादाला प्रकाशक नाही म्हणतो, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. सोपं आहे: ते दोन शब्द छापायला कुणाचीच परवानगी लागत नाही. ओपन ॲक्सेसच्या व्याख्या आहेत, एक सोडून तीन. पण त्या पाळायचं बंधन प्रकाशकावर नाही; काय चालतं ते लेखाच्या परवान्यावर ठरतं.

पहिली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यातली, फेब्रुवारी २००२ मधली. लेख फुकट वाचा, उतरवून घ्या, छापा, वाटा, कुठल्याही कायदेशीर कामाला वापरा. फक्त लेखकाला श्रेय द्या आणि त्याच्या मजकुराची मोडतोड करू नका. आता अनुवाद ही मोडतोड की नाही? यावर दोन शहाणी माणसं दिवसभर भांडू शकतील. ही फट २००३ च्या बेथेस्डा आणि बर्लिन जाहीरनाम्यांनी बुजवली. लेखावर आधारित नवी कृती करून ती वाटायचा हक्क वाचकाला हवा, असं दोन्हींत स्पष्ट आहे. कागदी प्रतींबाबत मात्र तिथे हात आखडता आहे: स्वतःच्या वापरापुरत्या, त्याही थोड्याच!

प्रत्यक्षात बहुतेक जण 'फुकट वाचता येतं' एवढ्यालाच ओपन ॲक्सेस म्हणतात. २००८ मध्ये पीटर सूबर आणि स्टीव्हन हरनाड या ओपन ॲक्सेसच्या पुरस्कर्त्यांनी त्याला 'ग्रॅटिस' आणि वापराची मोकळीकही असेल तर 'लिब्रे' अशी नावं सुचवली. माझ्या मते फारच उपयोगी भेद, पण प्रकाशक तो छापत नाहीत.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आमच्या एका मॅडमनी मातीपरीक्षणावरच्या लेखाचा अख्खा अनुवाद केला, पुस्तिका छापायला निघाली, तेव्हा कुठे आम्ही परवाना पाहिला: सीसी बाय-एनसी-एनडी. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे वापराच्या अटी सांगणारे तयार परवाने; 'बाय' म्हणजे श्रेय द्या. यातल्या 'एनडी'चा अर्थ, अनुवाद स्वतःपुरता करा, वाटू नका. शेवटी त्यांनी लेखातली माहिती स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहिली. कॉपीराइट मांडणीवर असतो, माहितीवर नाही.

तेव्हा आधी लेखाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं 'सीसी बाय' असेल तर श्रेय, परवान्याचा दुवा आणि 'हा अनुवाद आहे' एवढं लिहून खुशाल छापा. शेपटीला 'एसए' असेल तर अनुवादही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी वापरता येणार नाही, म्हणजे नफ्यासाठी पुस्तिका विकायची सोय नाही. परवान्याचा पत्ताच नसेल तर प्रकाशकाला मेल टाका, आणि उत्तर येईपर्यंत अनुवादाला हात लावू नका.