इलेक्ट्रिक गिटार घेतलीत? आधी एवढंच करा

अभिनंदन! पेडल, इफेक्ट वगैरेंचा विचार सहा महिने तरी बाजूला ठेवा.

सगळ्यात आधी ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र किंवा ॲप. रोज, वाजवायला बसण्याआधी. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. नव्या तारांचा सूर सुरुवातीला सारखा उतरतो, त्यात तुमची चूक नाही.

डावा हात: बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे ठेवा. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं की तार झणझणते, मग आपण आणखी जोर लावतो आणि स्वर चढतो. करून बघा: तार हलकेच दाबत जा, स्वर स्वच्छ आला की थांबा. तेवढाच जोर पुरतो.

मी पहिलं वर्षभर डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत, दणदणीत करणारा इफेक्ट) फुल्ल ठेवून वाजवलं. वाटायचं, काय भारी वाजवतोय! एकदा क्लीन टोन, म्हणजे इफेक्टशिवायचा साधा आवाज लावला तर निम्मे स्वर गायब. तेव्हा सराव क्लीनवरच. डिस्टॉर्शन लावाल तेव्हा नको असलेल्या तारा गप्प ठेवणं हेच खरं काम: जाड तारांवर उजव्या तळहाताची कड, बारीक तारांवर डाव्या तर्जनीचा हलका स्पर्श. (डावखुरे असाल तर उलट.)

बाकी थोडक्यात:
- मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर. अडखळलात तर ५०.
- रोज २० मिनिटं. रविवारी एकदम तीन तास नको.
- बोटांची टोकं दुखणारच. मनगट दुखलं तर मात्र थांबा.

स्केल, मोड, स्वीप पिकिंग नंतर बघू. सध्या ई मायनर आणि जी, हे दोनच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर). एका मिनिटात किती वेळा अदलाबदल जमते ते मोजा आणि आठवड्याने आकडा सांगा.