उत्तर: फायर-बेलीड टोड खात नाही, मांड्या आतून लाल

फायर-बेलीड टोडनं (पोटावर काळी-नारिंगी ठिगळं असलेल्या, घरी पाळायच्या छोट्या बेडकानं) खाणं सोडलंय, मांड्या आतून लाल दिसतात आणि दवाखान्यात ‘याचं पोट लालच असतं’ म्हणून परत पाठवलं, ही तुमची पोस्ट वाचली आणि लिहायलाच बसलो. माझ्या जोडीतला एक असाच गेला. टाकी, झाकण वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो. आणि मी डॉक्टर नाही, हे धरूनच वाचा.

पोटाचा रंग वेगळा आणि हा लालपणा वेगळा. पोटावर काळ्या-नारिंगी ठिगळांच्या कडा स्पष्ट असतात. तो रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो, म्हणून पाळलेल्या टोडचं पोट बऱ्याचदा फिकंच राहतं. असं फिकं पोट एकाएकी लाल झालं तर खूश होऊ नका. रोगात मांडीच्या आत आणि बोटांकडे कातडीखाली रक्त उतरल्यासारखं दिसतं. याला रेड-लेग म्हणतात. बहुतेक वेळा एरोमोनास जिवाणू असतात, पण कायट्रिड बुरशीतही कातडी लाल होते, म्हणून नुसत्या नजरेनं ठरवू नका.

आता मी माझा टोड नेला तो दवाखाना. नाव घेत नाही. केस पेपरवर कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. ‘मासा लिहू का?’ असं विचारलं. टेबलावर कुणीतरी टोडला पेनानं डिवचलं, तशी त्यानं पाठ वाकवून पाय वर केले आणि पोटाचा रंग दाखवला. घाबरला की हा प्राणी तेच करतो. तर म्हणे, ‘हे गेलं की हो!’ मग साहेब आले, लांबूनच बघितलं, ‘लालच असतंय ते,’ आणि कुत्र्याच्या जखमेचं मलम लिहून दिलं. दुकानात पाठीमागचं वाचलं तर त्यात बेन्झोकेन. उभयचरांना भूल द्यायला आणि जास्त मात्रेत कायमचं झोपवायलाही हेच वापरतात! मलम घेतलं नाही. पुढं एका कार्यालयात पाठवलं, तिथं ‘हा आपल्याकडचा नाहीच’ म्हणाले. खरंय, हा कोरिया आणि ईशान्य चीनकडचा. पण आजारी तर सोलापुरात पडला होता ना! या टोलवाटोलवीत जो वेळ गेला, तोच नडला.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): उभयचर कधी हाताळलेत का, हे फोनवरच विचारा. नसतील तर रिक्षाचं भाडं वाचवा आणि पुण्या-मुंबईच्या विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोला. दुसऱ्या टोडच्या वेळी मी तेच केलं. औषधाची मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते, त्यामुळं सराफाकडं असतो तसा बारीक काटा घरात ठेवा. अँटिबायोटिक अंदाजानं टाकीत ओतू नका.

तोवर त्याला वेगळं काढा. साधा डबा, ओला टिश्यू, उथळ पाणी, रोज सगळं बदलायचं. पाणी तो कातडीतून घेतो, त्यामुळं क्लोरीनही थेट आत जातं. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि आलं की लगेच त्याच पाण्यानं सगळे टोडची टाकी धुतात. तसं नको. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडतं. क्लोरामाइन (पाण्यात क्लोरीनऐवजी टाकतात ते रसायन) असेल तर ते मात्र उडत नाही, त्याला माशांच्या दुकानातलं डिक्लोरिनेटर लागतं. आरओचं पाणी शुद्ध म्हणून तेवढंच वापरू नका, त्यात क्षार नसतात.

हात आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवा. कातडीतून विष सुटतं, डोळ्याला लागलं तर फार चुरचुरतं.

आणि उन्हाळा. याला २०-२४ अंश मानवतं, आपल्याकडं मे महिन्यात ४० च्या वर. कूलरसमोर टाकी ठेवली की गारव्यापेक्षा वारा जास्त लागतो आणि कातडी सुकते. त्यापेक्षा गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवा. फोटो टाकाल तेव्हा मांडीचा, खिडकीच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही.