आजोबांची सागवानी, लांब हातांची वेताची आरामखुर्ची आहे, घरचे म्हणतात जागा अडते. ती विकून प्रसिद्ध अमेरिकन एम्स खुर्चीसारखी लाउंज चेअर घ्यावी का? या खुर्च्यांचं एवढं काय कौतुक असतं?

विकू नका. नवीन घ्यायची तर खुशाल घ्या, पण त्यासाठी जुनी कशाला काढायची? आणि "जागा अडते" हे तुमच्या घरच्यांचं कारण मला अजिबात पटलेलं नाही, ज्या हॉलमध्ये एल शेपचा सोफा मावतो तिथे एक आरामखुर्ची सहज मावते.

तुम्ही लिहिलंय ती सागवानी, लांब हातांची, हाताखालची फळी फिरवून पुढे काढली की तिच्यावर पाय टाकता येतात, तीच ना? इंग्रजांच्या काळात मळेवाल्यांच्या आणि साहेबांच्या बंगल्यात असायची ती. मग डाकबंगले, गोव्यातल्या जुन्या घरांचे व्हरांडे, कोकणातल्या ओट्या, सगळीकडे गेली. ती टिकली ती शोभेसाठी नाही. सीट मागे उतरती, पाठ कललेली, पाय वर, आणि खालून वरून हवा खेळते. दमट हवेत बसायला याहून चांगली खुर्ची मला तरी कुणी दाखवलेली नाही.

आमच्याकडे अशीच होती, रत्नागिरीच्या घरी. आजोबांनंतर अप्पा तिच्यावर बसायचे. वेत फाटला तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, तिच्यावर प्लाय ठोकून घेतला, वर चार इंच फोम आणि चॉकलेटी रेक्झिन. दिसायला एकदम टकाटक, पण अप्पा बसेनात. दादाचं म्हणणं म्हातारपणाचा हट्ट. हट्ट कसला? सीट चार इंच वर आली की हात खाली जातात, डोकं पाठीच्या वर निघतं आणि मानेला टेकूच उरत नाही. आणि मे महिन्यात दुपारी रेक्झिनवर बनियन घालून कोण बसेल? अप्पा शेवटपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, हे मला आजही लागतं. ते गेल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा दादा म्हणाला हे धूड भंगारात देऊ. आमचं चांगलंच वाजलं, आणि मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली.

सुतारकाकांनी प्लाय उचकटला तर फ्रेमची सगळी भोकं पुट्टी भरून बुजवलेली. हाताने विणलेल्या वेताच्या खुर्चीची ओळख म्हणजे ही भोकं, सीटच्या आणि पाठीच्या चौकटीला चारी बाजूंनी असतात. तयार जाळीची खुर्ची असेल तर भोकांऐवजी खोबण असते, त्यात जाळी दाबून बसवतात. काकांनी एकेक भोक हाताने मोकळं केलं. विणायला दिली ते कारागीर दृष्टिहीन होते, हे काम आपल्याकडे अनेक वर्षं अंध कारागीर करत आलेत. मी तिथे बसून बघितलंय. पट्ट्या पाण्यात भिजवलेल्या, आधी उभे पदर, मग आडवे, परत उभे, परत आडवे, मग कोपऱ्यातून तिरके दोन्ही बाजूंनी, आणि ते दोन तिरके पदर पडले की चौकोनाचं आठ कोनांचं भोक होतं. प्रत्येक पदर ओढून भोकात तात्पुरती खुंटी मारायची आणि बोटाने मागचं भोक चाचपून पुढचं धरायचं. वेत वाळताना आवळतो, म्हणून ओला असताना जाळी फार ताणायची नसते. हे असलं काम झाकून वर फोम टाकणं मला कधीच मान्य होणार नाही.

आता एम्स. खुर्ची उत्तमच आहे, त्यात वाद नाही. चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोने 1956 मध्ये हर्मन मिलर कंपनीसाठी केली. उष्णता आणि दाब देऊन वाकवलेल्या प्लायवूडच्या तीन वाट्या, त्यावर रोझवूडचा पापुद्रा, लेदरच्या गाद्या. बेसबॉलच्या वापरून मऊ झालेल्या ग्लोव्हसारखी ती वाटावी असं चार्ल्सचं म्हणणं होतं. खरी खुबी वेगळीच आहे, वाट्या आणि हात यांच्यामध्ये रबराचे जाड तुकडे असतात, म्हणून पाठ टेकली की ती किंचित लवते. मागे रेलायची यंत्रणा त्यात नाहीच, कोन आधीच कायमचा धरून दिलाय. म्हणून एम्सची म्हणून विकतात त्या खुर्चीला लिव्हर दिसला तर समजा फक्त चेहरा उचललाय. माझ्या भावाने अशीच कॉपी ऑनलाइन मागवली. पहिल्याच पावसाळ्यात लेदरच्या नावाखाली दिलेलं सोलायला लागलं, आणि पाठ इतकी ताठ की तो स्वतःच उशी लावून बसतो. खरी घ्यायची तर काही लाख मोजावे लागतात, आणि खरं लेदरही आपल्या पावसात बुरशी धरतं, पुसत राहावं लागतं.

दादाला मी दर दिवाळीला सांगते ते इथेही सांगते. याच एम्स दांपत्याला भारत सरकारने बोलावलं होतं, त्यांनी 1958 मध्ये रिपोर्ट दिला आणि त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, उभी राहिली. त्या रिपोर्टमध्ये त्यांनी भरभरून कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं, की हा कुणा एकाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरून घडलाय. ज्यांच्या नावाची खुर्ची तुम्हाला हवीय ते लोक आपल्या घरातल्या वस्तूकडे असं बघत होते.

आणि चंडीगडचं उदाहरण आहेच. पिअर जानरे या स्विस वास्तुविशारदाने 1950च्या दशकात तिथल्या ऑफिसांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या, मोडक्या म्हणून त्यांचे ढीग लागले, लिलावात कवडीमोलाने गेल्या आणि परदेशात त्याच लाखांनी विकल्या गेल्या. शेवटी 2011 मध्ये केंद्राच्या गृहखात्याला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घालावी लागली.

एक गोष्ट मात्र मान्य. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर या खुर्चीतून उठणं जड जातं, सीट खोल असते. त्यांच्यासाठी उंच सीटची दुसरी घ्या, रिक्लायनरही चालेल. मुलं तिच्यावर गुडघे टेकून चढणार असतील तर वेत फाटणारच, तेही धरून चाला. वेत सैल पडला असेल तर आधी खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू द्या, बऱ्याचदा तेवढ्याने घट्ट होतो. तुटलाच असेल तर विणून घ्या, आणि विणणारा "प्लास्टिकचा वेत टाकू का, स्वस्त पडेल" म्हणाला तर नाही म्हणा, तो उन्हात तापतो आणि अंगाला चिकटतो. लाकडावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारू नका, लाखेचं पॉलिश करून घ्या, पुढे ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. आणि सुतार ठरवायला घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा.