बेळगावजवळच्या छोट्या ब्रुअरीत डिझेल, वीज आणि उत्सर्जन कसं कमी करावं? सोलर बसवू का?

तुम्ही लिहिलंय की एका वेळी हजार लिटर बिअर निघते, वाफेसाठी डिझेलचा बॉयलर आहे, गारव्यासाठी ग्लायकॉलचा (शून्याखालीही न गोठणाऱ्या द्रावणाचा) चिलर आहे, आणि आता छतावर सोलर घालायचा विचार चाललाय.

सोलर घाला, पण सगळ्यात शेवटी. मी आधी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बॉयलरवर होतो, आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची वाफ आणि वीज बघतो. ब्रुअरीत ऊर्जेचा मोठा वाटा उष्णतेवर जातो. छतावरची वीज डिझेलच्या टाकीला हात लावत नाही.

पहिलं बघा ते वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड रस) गार करताना निघणारं गरम पाणी. उकळून झालेला वर्ट ९५ अंशांवरून २० वर आणताना हजार लिटरमागे साधारण ८७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर पडते. बॉयलरची कार्यक्षमता धरली तर हे दहा-अकरा लिटर डिझेल झालं. प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्यांमधून वर्टची उष्णता गार पाण्याला देणारं यंत्र) नीट चालत असेल तर दुसऱ्या बाजूने जवळजवळ तेवढंच पाणी ७५-८० अंशांचं मिळतं, आणि माल्ट धुवायला तुम्हाला नेमकं तेच पाणी लागतं. तरी ते गटारात सोडलेलं मी पाहिलंय, कारण काय तर साठवायला टाकी नाही! हजार-दीड हजार लिटरची, जाड इन्सुलेशनची स्टीलची टाकी घ्या. दुसऱ्या दिवशीच्या मॅशला (माल्ट गरम पाण्यात भिजवायला) आणि भांडी धुवायला ते पाणी पुरतं. आठवड्यातून एकदाच भट्टी लावत (बिअर बनवत) असाल तर मात्र टाकीत ते गार होऊन जाईल. त्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस भट्टी लावा. आणि ही सोय झाली की सोलर वॉटर हीटरच्या नादी लागू नका. गरम पाणी जास्त होऊन पडून राहील.

दुसरं म्हणजे उकळी. हजार लिटरमधलं दहा टक्के पाणी वाफ करून उडवायला आठएक लिटर डिझेल जळतं. हे उडणं पाच टक्क्यांवर आणलं तर प्रत्येक भट्टीमागे चार लिटर वाचतात, म्हणजे दहा किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. पण इथे घाई नको. उकळीत डीएमएस नावाचा घटक उडून जावा लागतो, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, म्हणजे हे काम आधीच जरा सावकाश होतं. म्हणून वेळ तोडू नका, जाळ कमी करा: वर्ट फिरत राहील एवढीच उकळी ठेवा, थोडंथोडं कमी करत जा आणि दर वेळी चव बघा. पिल्सनर हा फिकट माल्ट वापरत असाल तर जास्तच जपून, त्यातून डीएमएस जास्त निघतं.

बॉयलरकडे परतणारं गरम कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) फेकू नका. फीडवॉटर, म्हणजे बॉयलरमध्ये जाणारं पाणी, ६ अंशांनी गरम झालं की इंधन साधारण एक टक्का वाचतं.

डिझेल सोडून बगॅसच्या ब्रिकेटवर (उसाच्या चिपाडाच्या दाबून केलेल्या विटांवर) जावं का, हा प्रश्न आपल्या ऊसपट्ट्यात हमखास येतो. पण कारखाने बगॅस स्वतःच जाळून वीज करतात, त्यामुळे तो फुकटात पडलेला असतो असं समजू नका. धूर आणि राखेची सोयही करावी लागेल, आणि वस्तीत असाल तर शेजारी गप्प बसणार नाहीत. आधी वापर कमी करा, मग इंधन बदला.

चिलरचं बघायचं तर ग्लायकॉल उणे सहावर ठेवत असाल तर ते कशाला? बिअर एक-दोन अंशांवरच न्यायची असेल तर उणे दोन-तीनवर बहुतेक काम भागतं, आणि दर अंशामागे कॉम्प्रेसरची दोन-तीन टक्के वीज वाचते. पाइपवर बर्फ साचत असेल तर इन्सुलेशन गेलंय असं धरा. टाकी थंड करायचं काम रात्री लावा; आपल्याकडची रात्रीची गार हवा कंडेन्सरला चांगलीच मानवते.

माल्टचा चोथा, हजार लिटरमागे दोनएकशे किलो ओला निघतो, तो त्याच दिवशी म्हशीवाल्याकडे जाऊ द्या. खड्ड्यात कुजला की मिथेन सुटतो, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबल्यावर म्हशीवालाही हात लावत नाही.

राहिला फर्मेंटरमधून (बिअर आंबवायच्या टाकीतून) बुडबुडणारा कार्बन डायऑक्साइड वायू. लोकांना तोच मोठा गुन्हेगार वाटतो, पण तो धान्यातला कार्बन आहे, डिझेलसारखा जमिनीखालून काढलेला नाही. तो गोळा करून शुद्ध करायची यंत्रणा तुमच्या आकाराला परवडणार नाही. तरी फर्मेंटरची नळी पुढच्या रिकाम्या टाकीला जोडून तिच्यातली हवा बाहेर काढता येते, तेवढे या वायूचे विकतचे सिलिंडर कमी लागतात. पहिल्या काही तासांचा वायू हवेत सोडून मगच जोडा, टाकीचं वरचं तोंड उघडं ठेवा म्हणजे दाब चढणार नाही. हा वायू जड असतो, खाली साचतो. खोलीचं दार आणि खालचा झरोका उघडा असल्याशिवाय कुणाला आत पाठवू नका.