एकच कान

मित्रा,

तुझ्या एकट्याच्या रॅप अल्बमसाठी पाठवलेलं सगळं ऐकलं. अकरा गाणी, बीट म्हणजे रॅपखालचं संगीत बनवणारे सात वेगळे प्रोड्यूसर, नऊ गाण्यांत पाहुणे. खाली प्रश्न एकच: ‘पहिलं सिंगल कुठलं काढू?’

तुझ्या लिखाणाबद्दल शंका असती तर एवढं लांबलचक पत्र लिहायला बसलो नसतो. ग्रुपच्या शोला पब्लिक तुझा व्हर्स, म्हणजे तुझ्या वाट्याचं कडवं, तोंडपाठ म्हणतं, तेही माहीत आहे. पण हा अजून अल्बम झालेला नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. सिंगलचं विचारतोयस, कारण खरा प्रश्न विचारायला जड जातंय: यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हे ठरवणार कोण?

एका अल्बमला एकच कान लागतो. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे, वैतागलास तरी वाच.

कान म्हणजे बीट बनवणाराच असला पाहिजे असं नाही. कुठला बीट घ्यायचा, कुठला व्हर्स सोळा बारऐवजी बारा बारवर तोडायचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं माप), कुठला टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचा कुठला प्रयत्न, ठेवायचा, कुठलं गाणं अल्बमबाहेर काढायचं, यात शेवटचा शब्द ज्याचा, तो कान. ग्रुपमध्ये हे काम तुमच्या भांडणांतून आपोआप व्हायचं. चौघांपैकी एक जण ‘पकाऊ आहे’ म्हणायचा आणि ती ओळ जायची. आता तसं म्हणणारं कोणी नाही. आजूबाजूला आहेत ते सगळे ‘कडक भावा’वाले.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचा रॅप ग्रुप वू-टँग क्लॅन घे. ग्रुपमधून एकट्याने बाहेर कसं पडायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पहिला अल्बम नोव्हेंबर १९९३, लाऊड रेकॉर्ड्सवर. ग्रुपचा म्होरक्या आणि प्रोड्यूसर आरझीए, त्याने करारातच मोकळीक मिळवली होती: ग्रुप लाऊडचा, पण एकेकटा गडी कुठल्याही कंपनीकडे जाऊ शकतो. मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, जीझेडए गेफेनकडे. रेक्वॉन लाऊडवरच राहिला. नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५ एवढ्या काळात चौघांचे चार अल्बम बाजारात आले. कंपन्या चार, कान मात्र आरझीएचा. तुला भीती आहे ना, की एकाच माणसाकडे दिलं तर सगळं एकसुरी होईल? मग हे चार अल्बम एका बैठकीत ऐक. मेथड मॅनच्या घोगऱ्या आवाजाखाली गढूळ, जड बेस. रेक्वॉनचा अल्बम गुन्हेगारीच्या लांब गोष्टीसारखा चालतो. जीझेडएचा थंड, कमी वाद्यांचा, मध्येमध्ये सामुराई चित्रपटातले संवाद. कान एक होता म्हणूनच प्रत्येकाचा आवाज वेगळा राखला गेला. एकाच माणसाला चौघेही माहीत होते, आणि कोणाला काय द्यायचं नाही हेही.

त्याच आरझीएच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि वू-टँगच्याच इन्स्पेक्टा डेकसाठी ठेवलेले बीट वाहून गेले. डेकचा स्वतःचा अल्बम यायला १९९९ उजाडलं. तुझे सगळे सेशन, म्हणजे गाण्यांच्या मूळ फाइली, एका लॅपटॉपवर आहेत आणि तू मुंबईत तळमजल्यावर राहतोस. तीन प्रती कर, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक घराबाहेर. सगळं एकत्र करून काढलेला नुसता एमपीथ्री बाउन्स म्हणजे प्रत नव्हे. प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल हवी, सगळ्या एकाच शून्य बिंदूपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तरी जुळतील. फाइलच्या नावात गाणं, बीपीएम (मिनिटाला ठोके किती) आणि तारीख. ‘फायनल_फायनल२’ असली नावं दिसली तर मी पुढचं ऐकणार नाही.

आता तू रॅपर नासचं नाव काढशील. सगळेच काढतात. १९९४चा त्याचा पहिला अल्बम पाच-सहा प्रोड्यूसरांचा आहे आणि तरी त्याला तोड नाही, कबूल. पण नीट बघ: दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत, आणि पाहुणा रॅपर फक्त एक, तोही एकाच गाण्यात. शिवाय नास कुठल्या गाजलेल्या ग्रुपमधून आलेला नव्हता. त्याच्या आवाजाशेजारी दुसरे तीन आवाज ऐकायची सवय लोकांच्या कानाला लागलेली नव्हती. तुझ्या बाबतीत लागली आहे. तू बारा बार बोललास की ऐकणारा पुढच्या आवाजाची वाट बघायला लागतो. ही पोकळी तू बदलत्या बीटांनी आणि पाहुण्यांनी भरायला निघालायस. मला जुनाट म्हण, हेकट म्हण, याआधीही म्हणून झालंय. पण तो मार्ग चुकीचा आहे.

कान ग्रुपमधलाच हवा असंही नाही. रॅपर आइस क्यूब १९८९च्या अखेरीस एनडब्ल्यूए हा ग्रुप सोडून बाहेर पडला, भांडण पैशाचं आणि कराराचं होतं. ग्रुपच्या गाजलेल्या अल्बमचं बरंच लिखाण त्याचं. लॉस एंजेलिसहून तो थेट न्यूयॉर्कला गेला आणि पब्लिक एनिमी या ग्रुपच्या प्रोड्यूसरांकडे, बॉम्ब स्क्वॉडकडे, अल्बम दिला. मे १९९०मध्ये रेकॉर्ड बाहेर. दुसऱ्या किनाऱ्याचा कान, गर्दीचा, कर्कश, एकावर एक चढवलेल्या सॅम्पलांचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांचा, आणि त्यात क्यूबचा कॅलिफोर्नियाचा आवाज. सोबत त्याचा घरचा प्रोड्यूसर सर जिंक्स होताच. बॉम्ब स्क्वॉडमध्ये माणसं अनेक, पण निर्णय एका खोलीत होत होते. सात जणांकडून व्हॉट्सॲपवर बीट मागवणं वेगळं.

एक कान म्हणजे एकाचंच श्रेय, असा अर्थ मात्र लावू नकोस. फ्यूजीज या ग्रुपमधून बाहेर पडलेल्या लॉरिन हिलचा एकटीचा पहिला अल्बम ऑगस्ट १९९८चा. १९९९मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाली. कान तिचा होता, पहिल्या सुरापासून कळतं. पण अल्बम येऊन काही महिने झाले नाहीत तोच सोबत काम केलेल्या चार संगीतकारांनी लेखन आणि निर्मितीच्या श्रेयावरून दावा लावला. २००१मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. निर्णय एकाचा, नावं सगळ्यांची, आणि नावं त्याच दिवशी कागदावर. सेशन संपल्यावर, चहा येईपर्यंत, एका पानावर लिही: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, हुक (पुन्हा पुन्हा येणारा भाग) कोणी सुचवला, टक्के, सगळ्यांच्या सह्या. शब्दांना पन्नास आणि संगीताला पन्नास ही नेहमीची सुरुवात, तिथून खालीवर करा. टक्क्यांची बेरीज शंभर भरते ना, तेही बघ. गाणं चाललं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो.

लिखाणाचा हिशेब तू केलेलाच नाहीस असं दिसतंय. ९० बीपीएमवर १६ बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. ग्रुपच्या गाण्यात तुझ्या वाट्याला तेवढंच. एकट्याच्या गाण्यात तीन व्हर्स म्हणजे ४८ बार, आठ बारचा हुक तीनदा म्हणजे २४, एकूण ७२ बार, तीन मिनिटं बारा सेकंद. दहा गाण्यांना ४८० बार नुसते व्हर्सचे, ग्रुपमध्ये १६० पुरायचे. तिप्पट लिहायचं आहे, आणि तू ग्रुपच्या वेगाने लिहितोयस. म्हणून तिसऱ्या व्हर्सला पाहुणा येतो. तो पाहुणा नाही, पळवाट आहे. तिसरा व्हर्स सुचत नसेल तर गाणं दोन व्हर्सचं ठेव, अडीच मिनिटांत संपव.

पाहुण्यांना माझी बंदी नाही. रेक्वॉनच्या अल्बमवर वू-टँगचाच घोस्टफेस जवळपास सगळीकडे आहे. पण तो त्या गोष्टीतलं दुसरं पात्र आहे, मध्येच टपकलेला माणूस नव्हे. तुझ्याकडे तसं पात्र नाही. तेव्हा दोन पाहुणे, जास्तीत जास्त. पहिल्या तीन गाण्यांत एकही नको. आणि ग्रुपचे चौघे एकत्र एकाही गाण्यात नकोत, नाहीतर ऐकणारा म्हणेल, मग ग्रुपचाच अल्बम का नाही काढला?

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. सात जागी केलेलं रेकॉर्डिंग ऐकताच कळतं: एका गाण्यात खोली घुमते, दुसऱ्यात पंखा ऐकू येतो. एकच खोली, एकच माइक, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी उणे दहा डेसिबलच्या आसपास, कधीतरी उणे सहापर्यंत गेली तर चालेल. मराठीत भ, फ, ख, ठ यांचा श्वास माइकवर आपटतो. पॉप फिल्टर लाव आणि माइक नाकाच्या रेषेपासून थोडा बाजूला वळव. स, श, च जास्त टोचतात ते तू डबल, म्हणजे त्याच शब्दांचा वरून चढवलेला दुसरा टेक, पूर्ण ओळीवर मारतोस म्हणून. डबल फक्त ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर ठेव, तिथला स मुख्य टेकमध्येच राहू दे. टोचणारे स-श दाबणाऱ्या डी-एसरने नंतर सगळं सुधारेल असं समजू नकोस, तो जास्त दाबला की स बोथट होतो आणि माणूस बोबडा वाटतो.

ॲड-लिबही, म्हणजे ओळींमागच्या आरोळ्याही, कमी कर. ग्रुपमध्ये मागून ओरडणारा दुसरा असायचा, त्याचा पोत वेगळा. इथे तुझ्यावरच तू ओरडतोयस. पस्तीस मिनिटं एकच आवाज ऐकवायचा तर तो आतून बदलावा लागतो: एक गाणं माइकच्या जवळ, जवळजवळ कुजबुजत, एक बसून, एक ७५ बीपीएमवर, एक ड्रमशिवाय. हे बदल कुठे आणि किती, हे पुन्हा त्या एका कानाने ठरवायचं. तू स्वतः ठरवलंस तर सगळीकडे ओरडशील, कारण स्टेजवर त्यालाच टाळ्या पडतात.

मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, सगळ्या गाण्यांचं एकत्र, एकाच माणसाकडून. स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा भासतो त्याचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे सगळं पिळून मोठं करण्यात फायदा नाही, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे एक डेसिबलच्या खाली ठेवा. सोबत व्होकलशिवायची फाइल, नुसत्या व्होकलची फाइल आणि मुख्य आवाज काढून डबल ठेवलेली शोची फाइल मागून घे. पैसे देऊन झाल्यावर या फाइली कोणी पटकन काढून देत नाही.

आता ज्या दोन गोष्टींवर मला खरोखर राग आला. तुझे चार बीट इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले आहेत. तोच बीट आणखी कोणी घेऊ शकतो, परवान्यात स्ट्रीमची मर्यादा असते, आणि यूट्यूबवर दुसऱ्याच्या दाव्याने तुझ्या गाण्याचे पैसे अडकतात. एकतर पूर्ण हक्क घे किंवा काढून टाक. दुसरं, त्या जुन्या लावणीचं सॅम्पल. तिथे परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगची कंपनीकडून आणि रचनेची गीतकार-संगीतकाराच्या हक्कधारकांकडून. ढोलकी आणि चाल नव्याने वाजवून घेतलीस तर पहिली टळते, दुसरी टळत नाही. सॅम्पलांच्या हक्कांपायी डे ला सोल या रॅप ग्रुपची जुनी रेकॉर्ड स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडलं. १९८९चा पहिला अल्बम, विचार कर.

ग्रुपचा जुना करार काढ आणि बाहेर पडणाऱ्या सदस्याबद्दलचं कलम वाच. बऱ्याच करारांत कंपनीला तुझ्या एकट्याच्या कामावर पहिला हक्क असतो. नव्या करारात मुदत आणि प्रदेश लिहिलेला आहे का बघ. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणाला देऊन टाकता येत नाही, कंपनीने कितीही गोड बोलून सही मागितली तरी. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा सभासद हो, गाणी तिथे नोंदव. रेकॉर्डिंगचा मालक मात्र सहसा पैसे घालणारा ठरतो, तेव्हा स्टुडिओचं बिल कोण भरतंय याकडे लक्ष ठेव.

राहिलं एक. सात प्रोड्यूसरांच्या यादीत तुमच्या ग्रुपचा बीटमेकर नाही. त्याला विचारलं तर बाकीचे दोघे म्हणतील की ग्रुप फोडतोय, म्हणून तू टाळलंस, हे न सांगता कळतं. तुझा आवाज त्याच्याइतका कोणी ऐकलेला नाही. तुझा कुठला टेक खोटा आहे हे त्याला दुसऱ्या ओळीला समजतं. तेव्हा चौघांना एकत्र बसव, त्याच्या समोरच बाकीच्यांना सांग. त्याला मानधन किती, वाटा किती, कुठल्या तारखेपर्यंत, आणि गाणं काढून टाकायचा अधिकार त्याचाच, हे लिहून दे. तो नाही म्हणाला तर बाहेरचा शोध, पण एकच शोध. ‘अर्धा हा बघेल, अर्धा तो’ असली तडजोड घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. फोन या आठवड्यातच कर, पुढचं स्टुडिओ बुकिंग त्यानंतर.